जुन्या पेट्रोल पंपाची जागा घेताना माती-पाणी कसं तपासावं?

बेळगावात खानापूर रस्त्यालगत 5 गुंठे जागा बघताय, तिथला पंप 1995 च्या सुमारास बंद पडला, टाकी काढलीय असं विकणारा सांगतोय, आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याला सप्टेंबरात वास आला नाही. तेवढ्यावर जागा चांगली समजावी का, असं तुम्ही विचारलंय. समजू नका. अशा कामात सप्टेंबरातली विहीर हमखास फसवते.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं. आपल्याकडच्या जांभ्या खडकात भोकं आणि फटी भरपूर, त्यामुळे पावसाळ्यात भूजल झपाट्यानं वर चढतं. उन्हाळ्यात पाण्याबरोबर खाली गेलेलं पेट्रोल मग त्या भोकांत पाण्याखालीच अडकून राहतं आणि विहिरीत तवंग दिसत नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की तेच सुटून परत वर तरंगतं. म्हणून मोजमाप दोनदा हवं: मे अखेर आणि सप्टेंबर अखेर. वासावरही जाऊ नका. पिण्याच्या पाण्यात बेंझीन (पेट्रोलमधलं विषारी रसायन) लिटरला 0.01 मिलीग्रामपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नाकाला कळेपर्यंत ते त्याच्या कैक पट झालेलं असतं. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्या विहिरीचं पाणी शेजाऱ्यांनी पिऊ नये. उकळूनही उपयोग नाही, बेंझीन स्वयंपाकघरातल्या हवेत पसरतं.

आधी टाकी खरंच निघालीय का ते बघा. विकणाऱ्याकडे पेट्रोलियम साठवणुकीच्या परवान्यासोबतचा मंजूर नकाशा मागा. त्यात टाक्या, पाइप, वाफेची नळी, टँकर रिकामा करायची जागा, सगळं असतं. नकाशा नसेल तर जमिनीखालचं लोखंड शोधणारं यंत्र फिरवून घ्या. टाकी सापडली तर ती उघडायची नाही आणि तिला गॅसकटर लावायचा नाही. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास झाली की ठिणगीनं स्फोट होतो, आणि वर्षानुवर्षं रिकामी पडलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. ते काम अनुभवी ठेकेदाराकडूनच करून घ्या.

मातीचे नमुने काढताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाकी काढल्यावर खड्ड्यात टाकलेली भर तपासणं. ती बाहेरून आणलेला स्वच्छ मुरूम असते, अहवालही स्वच्छच येणार. भर संपून मूळ जमीन लागते तिथून 1 ते 2 फूट खाली, टाकीच्या दोन्ही टोकांना नमुना घ्या. पाइपाच्या मार्गावर दर 20 फुटांना एक, पेट्रोल भरायच्या प्रत्येक मशीनखाली एक आणि टँकर रिकामा व्हायचा तिथं एक. गळती बहुतेक वेळा टाकीच्या तळापेक्षा पाइपाच्या सांध्यांत आणि भरताना सांडण्यातच असते. (निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत तर माती फुगते-आकसते, सांधे निखळतात आणि उन्हाळ्यातल्या भेगांतून तेल थेट खाली जातं.) चार ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना करू देऊ नका, त्यात बेंझीन उडून जातं. काचेची बाटली, टेफ्लॉनचा आतला थर असलेलं झाकण, माती काठोकाठ दाबून भरलेली, लगेच बर्फाच्या पेटीत.

पाण्यासाठी निदान 3 निरीक्षण विहिरी (पातळी मोजायला आणि नमुने घ्यायला पाइप घातलेली उथळ भोकं) त्रिकोणात हव्यात, नाहीतर भूजल कोणत्या दिशेला वाहतं ते कळत नाही. 2 इंची पीव्हीसी पाइप घ्या. पाइपाचा जाळीचा, म्हणजे पाणी आत येणाऱ्या चिरांचा, भाग सप्टेंबरातल्या पातळीच्या थोडा वर सुरू होऊन मेमधल्या पातळीच्या 2 मीटर खालपर्यंत जायला हवा. जाळी पाण्याखाली बुडलेली राहिली तर तवंग तिच्यात येतच नाही. भोवती धुतलेली वाळू, वर 2 फूट बेंटोनाइट (पाण्यानं फुगून भोक बंद करणारी माती), त्यावर सिमेंट. नमुन्याआधी पाइपातल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा: 2 इंची पाइपात मीटरला साधारण 2 लिटर मावतं, म्हणजे 4 मीटर पाणी असेल तर 24 लिटर. तवंग असलेल्या विहिरीत मात्र आधी त्याची जाडी मोजा. पाण्याचा नमुना 40 मिलीलिटरच्या काचेच्या कुपीत घ्या आणि कुपी उलटी केल्यावर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये.

प्रयोगशाळेला नुसतं ‘पाणी तपासा’ म्हणालात तर क्षार आणि जडपणा तपासून देतील. बेंझीन, टोल्युइन, इथिलबेंझीन, झायलीन, नॅफ्थलीन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळायचं एक रसायन) आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन असं लिहून द्या. तुमचा पंप 2000 पूर्वीचा, म्हणजे शिशाच्या पेट्रोलच्या काळातला, शिसंही लिहा. पाण्यात त्याची भारतीय मर्यादा लिटरला 0.01 मिलीग्राम आहे.

माती काढायला घराच्या पायासाठी माती तपासणारे लोक बोलवा, रॉडला ग्रीस-डिझेल लावू नका असं बजावून. बोअरच्या गाडीतून उडालेला चुरा बेंझीनसाठी निरुपयोगी, दाबाची हवा ते उडवून लावते. आणि ‘300 फूट बोअर मारू, पाणीही लागेल, तपासूनही होईल’ असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. बोअरमधलं केसिंग (भोकाला आतून बसवलेला पाइप) फक्त वरच्या थरापुरतं असतं. वरचं दूषित पाणी त्या भोकातून खालच्या कातळाच्या फटींत उतरतं, आणि तिथून ते आजूबाजूच्या घरांच्या बोअरपर्यंत पोचू शकतं. मे अखेरचा अहवाल हातात येईपर्यंत त्या जागेत पाण्यासाठीचं असं खोल बोअर नको आणि विसारापलीकडे पैसेही नकोत.