बाबांच्या तोंडाकडे बघण्याआधी तो आकडा बघ

प्रिय माई,
मुलगा कॅनडात असतो. त्याच्याकडे गेले तेव्हा हौस म्हणून डीएनए चाचणीसाठी थुंकीची नळी भरून दिली. आता लिस्बनच्या एका बाईशी माझा १२ टक्के डीएनए जुळतो असं आलंय. तिनं मेसेजही केलाय: जन्म १९७२, मडगाव, तान्ही असतानाच ख्रिश्चन कुटुंबानं दत्तक घेतलं, आता आपली माणसं शोधतेय. नवरा म्हणतो, बाटाबाटीच्या काळातलं नातं असेल. भाऊ म्हणतो, अकाउंट उडव, नाहीतर उद्या घरात वाटा मागेल. मला रात्र रात्र झोप नाही. बाबा ८४ वर्षांचे आहेत, त्यांना कसं विचारू? घरात बाबा, मी आणि बिनलग्नाची आत्या, एवढीच माणसं असतो दिवसभर.
– एक वाचक, फोंडा

बाय, बाबांना काहीही विचारू नकोस. ती त्यांची मुलगी असती तर तुम्ही सावत्र बहिणी झाला असता, आणि बाप एक, आया वेगळ्या अशा बहिणींत सरासरी २५ टक्के डीएनए जुळतो. थोडं खालीवर होतं, पण १२ पर्यंत घसरत नाही. आईच्या बाबतीतही हेच गणित. १२ हा चुलत, मामे, आते, मावस भावंडांचा आकडा. म्हणजे ती तुझ्या एखाद्या काकाची, मामाची, आत्याची नाहीतर मावशीची लेक. आजोबांना उतारवयात दुसरीकडे झालेली असली, तरी साधारण हाच आकडा येतो. बाबांना ताट वाढताना त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत असशील, तर ते आता बंद कर.

नवऱ्याचं म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पोर्तुगीजांच्या बाटाबाटीत केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. एक भाऊ देवाबरोबर नदीपलीकडे गेला, दुसरा बाटून सासष्टीतच राहिला, हे ऐकतच आपण वाढलो. पण ते १५६०च्या आसपासचं. दर पिढीला पूर्वजाचा वाटा निम्मा होत जातो; पंधरा-सोळा पिढ्यांनंतर अशा चाचणीत त्याचा माग बहुधा उरतच नाही. त्याच चार घरांत सोयरिकी करत आलेल्या आपल्यासारख्यांची दूरची नाती ॲपवर जवळची दिसतात हे खरं, पण तीसुद्धा १२ टक्क्यांपर्यंत पोचत नाहीत. हे १९७२चंच प्रकरण आहे आणि त्यातली माणसं अजून हयात असू शकतात.

आत्याचा उल्लेख तू सहज केलेला नाहीस, हे मला कळलं. पण बोट असं लगेच बाईकडे वळवू नये. काका-मामांनाही मुलं होतात, त्यांच्यावर मात्र कुणाचा संशय जात नाही. हे आईच्या माहेरचं की बाबांच्या बाजूचं, तेवढंही अजून ठरलेलं नाही. एखादा मावसभाऊ किंवा चुलतबहीण त्याच साइटवर असेल, तर ती बाई त्यांच्याशीही जुळते का ते बघ. बाजू तिथे कळेल. म्हाताऱ्यांना रक्त-लघवीच्या तपासणीचं निमित्त सांगून नळीत थुंकायला लावण्याचा विचारही करू नकोस.

लिस्बनला उत्तर दे. लहानसंच: ‘मेसेज मिळाला. मी गोव्यातच असते. आपण बहुधा मावस-चुलत बहिणी लागतो. तुम्ही कुणाच्या, ते मला माहीत नाही. घरात वयस्क माणसं आहेत, म्हणून सावकाश घेऊ. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?’ कुणाचं नाव, पत्ता, फोटो इतक्यात पाठवू नकोस. कदाचित तिला डॉक्टरला सांगण्यापुरतं, घरात मधुमेह आहे का, हृदयविकार आहे का, एवढंच हवं असेल.

भावाच्या रागामागे इन्व्हेंतार, म्हणजे माणूस गेल्यावर कोर्टात होणारी मालमत्तेची वाटणी आहे. आपल्या गोव्याच्या कायद्यात आईबापांच्या मालमत्तेतला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, मृत्युपत्र करूनही तो काढून घेता येत नाही. म्हणून तो घाबरलाय. पण ती बाबांची मुलगीच नाही, तर बाबांच्या घराचा प्रश्न येतो कुठे? घर अजून आजोबांच्याच नावावर पडून असेल तर मात्र वकिलाला भेटा. तरीही नुसता ॲपचा रिपोर्ट घेऊन कोर्टात नातं सिद्ध होत नाही. नळीत कोण थुंकलं, हे तिथे कुणी पाहिलेलं नसतं.

एका बाबतीत त्याचं चुकत नाही. तुझ्या थुंकीबरोबर त्याचीही निम्मी माहिती गेली. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या अशाच चाचण्या करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा अकाउंट पुसायचं तर पूस, पण आधी तिच्याशी ईमेलवर बोलणं सुरू होऊ दे. आज उडवलंस तर तू तिच्या यादीतून जाशील. तिनं पाहिलेलं मात्र जाणार नाही.

आत्याशी बोलावंसं वाटलंच, तर चौकशी म्हणून बोलू नकोस. कॅनडात असताना अशी चाचणी केली, त्यात न पाहिलेली नातलग माणसंही सापडतात, एवढं दुपारी निवांतपणी सांग आणि गप्प बस. तिनं पुढे विचारलं तर खरं ते सांग. नाही विचारलं, तर पुन्हा विषय काढू नकोस. आणि त्या दिवशी भाऊ येणार नसेल, एवढं बघ.