विचारायचं राहून गेलं

प्रश्न : ऑफिसातला मित्र रोज माझ्या स्कूटीवर मागे बसून तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत येतो. परवा रात्री त्यानं द स्मिथ्स या इंग्लिश बँडचं ‘देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट’ पाठवलं, सोबत एक शब्दही नाही. त्यात बसनं चिरडून मरायचं आहे! प्रेम समजू की काळजी करू?
– मूळची खानापूरची, सध्या टिळकवाडी, बेळगाव

उत्तर :
बस आणि ट्रक ध्रुवपदात आहेत, म्हणून त्याच कानात बसतात. चाल बंद कर, शब्द नुसते वाच, कोण कुणाशी बोलतंय तेवढं बघ. गाडी ‘तुझी’ आहे, बोलणारा शेजारी बसलाय. त्याला संगीत हवंय, माणसं आणि दिवे बघायचेत. हा मरायला निघालेला माणूस नव्हे. ‘तुझ्याशेजारी मरण आलं तरी चालेल’ ही प्रेमातली जुनीच अतिशयोक्ती. डबलडेकर बस आणून मॉरिसीनं, म्हणजे बँडच्या गायक-गीतकारानं, तिला जरा हास्यास्पदही केलंय.

खरी गोष्ट दोन ध्रुवपदांच्या मधे आहे. अंधाऱ्या भुयारी रस्त्यात त्याला संधी मिळते, भीती वाटते आणि विचारायचं राहून जातं. काय विचारायचं होतं, ते १९८६च्या या गाण्यात कुठेच नाही. पुढे तेच ध्रुवपद पुन्हा येतं, तेव्हा ते न विचारलेल्या प्रश्नाच्या जागी आल्यासारखं वाटतं. मराठीत ही ओळ ‘विचारू शकलो नाही’ अशी आणली, तर ‘शकलो’ की ‘शकले’ हे ठरवावं लागतं. तुला कन्नड येत असेल तर ‘नानु केळलिल्ल’ (मी विचारलं नाही) म्हणून बघ, बाई की पुरुष ते कळतच नाही. मूळ गाणंही तसंच झाकलेलं आहे.

मला मात्र घराची ओळ जास्त खुपते. तीन कडव्यांत घर येतं, आणि ते त्याचं राहिलेलं नाही. तेव्हा आधी प्रेमाचं नको, घराचं विचार. स्कूटीवर नको, हेल्मेटमधून अर्धं ऐकू येत नाही. वाटेत चहाला थांबा. ‘गाणं ऐकलं. घरी सगळं ठीक आहे ना?’ एवढंच, आणि मग गप्प बस. जगणं नको झाल्याचं बोलला, तर जीव द्यायचं मनात येतं का हे सरळ विचार. विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही. ‘हो’ म्हणाला तर एकटं सोडू नकोस, तिथूनच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव.

प्रेमाचं असेल तर ते त्यानं तोंडानं म्हणू दे. आणि उत्तरादाखल दुसरं गाणं पाठवू नकोस, मग तो अर्थ लावत बसेल.