मोठं विद्यापीठ हुकलं, म्हणून वर्षभर थांबावं का?

प्रवेशाचे निकाल लागले की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "मोठ्या विद्यापीठाचा शिक्का नसेल, तर पुढे निभाव लागेल का?" त्यातल्याच एका बापलेकाची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलाला रसायनशास्त्रात संशोधन करायचं होतं. ज्या विद्यापीठावर डोळा होता तिथून नकार आला आणि क्रमवारीत बऱ्याच खालच्या एका विद्यापीठात जागा मिळाली, तीही शिष्यवृत्तीसह. वडिलांचं म्हणणं, वर्षभर थांब, पुन्हा अर्ज कर. मुलगा गप्प. वडिलांनी क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ क्रमवारीचे छापील कागद आणले होते, हव्या त्या नावांवर पिवळा मार्कर फिरवलेला. मिळालेलं विद्यापीठ शेवटच्या पानावर, कोरंच.

"हा क्रमांक ठरतो कशावरून, पाहिलंत का?" मी विचारलं.

"दर्जावरून, अजून कशावरून?"

मग तिथेच बसून शोधलं. त्या क्रमवारीत 30 टक्के वजन प्राध्यापकवर्गात विद्यापीठाचं नाव किती याला, 20 टक्के त्याच्या शोधनिबंधांचा इतरांनी किती आधार घेतला याला आणि एका शिक्षकामागे विद्यार्थी किती याला फक्त 10. पहिल्या वर्षाला कोण शिकवतं, पदवीच्या मुलाला संशोधनाच्या प्रयोगशाळेत शिरू देतात का, यासाठी रकानाच नाही.

"पण मॅडम, वरच्या जागांवरची माणसं बघा ना, सगळी तिथलीच." यात तथ्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सध्याच्या 9 पैकी 8 न्यायमूर्ती हार्वर्ड किंवा येलमध्ये कायदा शिकलेले आहेत. पण विद्यापीठाने ही माणसं घडवली, की पुढे जाणारी माणसंच त्याने निवडून घेतली?

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी हे वेगळं करून पाहिलं. अमेरिकेत 1976 मध्ये महाविद्यालयात गेलेल्या मुलांपैकी ज्यांना साधारण सारख्याच दर्जाच्या ठिकाणांहून होकार-नकार आले होते, त्यांची त्यांनी आपसात तुलना केली. काही जण जास्त नावाजलेल्या ठिकाणी गेले, काही कमी. पुढच्या कमाईत फारसा फरक निघाला नाही. त्यांच्या नंतरच्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुद्दाम मुलाकडे बघून सांगितली: मुलगा कुठे शिकला यापेक्षा, त्याला नाकारणारी विद्यापीठं कोणत्या पातळीची होती यावरून त्याच्या कमाईचा अंदाज जास्त चांगला बांधता येतो. "नकाराचं पत्र जपून ठेव," मी म्हटलं. तो पहिल्यांदा हसला.

इथे थांबले असते तर मात्र ती निव्वळ समजूत काढणं झालं असतं. ज्यांच्या आईवडिलांचं शिक्षण फारसं झालेलं नाही, अशा मुलांना मोठ्या विद्यापीठाचा फायदा होतो, हेही त्याच अभ्यासात दिसलं. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी 2023 मध्ये अमेरिकेतल्या 12 अतिनामांकित विद्यापीठांबद्दल काढलेला निष्कर्ष तर आणखी टोकदार आहे. तिथे शिकल्याने सरासरी कमाई फारशी हलत नाही, पण सर्वांत जास्त कमावणाऱ्या 1 टक्क्यात जाण्याची शक्यता निम्म्याने वाढते आणि नामवंत ठिकाणी पुढचं शिक्षण मिळण्याची जवळपास दुप्पट होते.

"बघा! याला पुढचंच तर शिकायचंय," वडील म्हणाले. मुद्दा बिनतोड होता, मी तो मान्य केला. मग विचारलं, "पण तिथून नकार आलाय. वर्षभराने पुन्हा अर्ज कराल तेव्हा त्यात नवीन काय असेल?"

दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. गुण तेच राहणार होते. वर्षभर कुठल्या प्रयोगशाळेत काम करायचं असंही काही ठरलं नव्हतं. घरी बसून तयारी, एवढाच बेत. हातात ठोस काम असेल, तर वर्षभर थांबायला माझी हरकत नसते. नुसत्या नावासाठी थांबलेली मुलं घरात कुढत बसतात, हे मात्र मी बरंच पाहिलंय.

पीएच.डी.च्या प्रवेशात प्रयोगशाळेत केलेलं काम आणि मुलाला जवळून ओळखणाऱ्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र, यांना फार वजन असतं. दोन्ही गोष्टी खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठात मिळू शकतात, पण आपण होऊन कोणी आणून देत नाही. त्या विभागाचं संकेतस्थळ उघडलं, तेव्हा मुलगा खुर्ची ओढून पुढे आला. कोण कशावर काम करतंय ते मोठ्याने वाचू लागला आणि एका नावापाशी थांबून म्हणाला, "यांचा विषय मला करायला आवडेल." तासाभरातलं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य!

उठता उठता वडिलांनी विचारलं, "पण लोकांना काय सांगायचं?" माझ्या अनुभवात निम्म्या पालकांची खरी अडचण हीच असते, फक्त ती शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर येते. शिष्यवृत्ती मिळाली हे सांगा, म्हटलं. खोटंही नाही.

मुलाने प्रवेश घेतला. त्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की पहिलं सत्र पार पडू दे, मग ये, सुरुवातीला काचेची भांडी धुवावी लागतील. वडिलांनी अट घातली आहे: वर्षाअखेर समाधान नसेल तर विद्यापीठ बदलण्यासाठी अर्ज करायचा. मला ती रास्त वाटली. फक्त समाधान कशावरून मोजायचं, ते आताच ठरवून घ्या म्हटलं. मुलाने तीन गोष्टी लिहून दिल्या: प्रयोगशाळेत जागा मिळाली का, एक तरी प्राध्यापक मला नावाने ओळखतात का, आणि गुण. वडिलांनी खाली चौथी म्हणून क्रमवारी लिहिली. मुलाने ती खोडली नाही.