नॅचेझमधील एक दिवस

प्रश्न : अमेरिकेत मुलाकडे जात आहोत. दक्षिणेतील नॅचेझ या गावासाठी एकच दिवस आहे, काय पाहावे?

उत्तर : सकाळी मिसिसिपी नदीकाठच्या कड्यावर फिरून लाँगवुड हे अष्टकोनी घर पाहावे; १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यामुळे त्याचे कारागीर निघून गेले आणि वरचे मजले कायमचे अपुरे राहिले. येथील वाड्यांचे वैभव गुलामांनी पिकवलेल्या कापसाचे आहे. म्हणून, वेळ कमी पडल्यास एखादा वाडा वगळावा, पण गुलामांची विक्री जेथे होत असे ते ‘फोर्क्स ऑफ द रोड’ मुळीच वगळू नये. त्यानंतर, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आणि १८३५ ते १८५१ दैनंदिनी लिहिणाऱ्या विल्यम जॉन्सन या केशकर्तनकाराचे घर अवश्य पाहावे.