एका वेतात दोन बाप

प्रश्न : आमच्या कारवान कुत्रीला ठरवलेला नर लावला. तीन दिवसांनी ती दाव्यातून सुटली आणि गल्लीतल्या कुत्र्याशी अडकली. आता सगळीच पिल्लं मिश्र होणार का? जुनी माणसं म्हणतात, कुत्री कायमची बाटली. (एक वाचक, लातूर)

उत्तर : कुत्री बाटत नाही, हे आधी मनातून काढून टाका. नराचं बीज पुढच्या माजापर्यंत टिकतच नाही, त्यामुळे पुढच्या वेताला काही धोका नाही. या वेतात मात्र दोघांचीही पिल्लं असू शकतात. पिल्लाचा बाप एकच असतो, पण भावंडांचे बाप वेगळे निघतात. कुत्रीची अंडी सुटतात तेव्हा कच्ची असतात. पिकायला दोन-तीन दिवस जातात आणि पुढे दोन-तीन दिवस ती फळू शकतात. नराचं ताजं बीज आत पाच-सहा दिवसही जगतं. म्हणून तीन दिवस मागेपुढे लागलेले दोन्ही नर बाप ठरू शकतात.

रंग किंवा कान बघून बाप ठरवू नका, डीएनए तपासा. आणि कुणी सांगितलं म्हणून ‘गाभ पाडायचं’ ईस्ट्रोजेनचं इंजेक्शन देऊ नका. त्यानं गर्भाशयात पू होतो, हाडांच्या मगजात रक्त तयार होणं थांबून कुत्री दगावूही शकते. वेत नको असेल तर पशुवैद्याकडे लगेच जा.

प्रश्न : मुद्दाम दोन नर लावता येतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : येतील, आणि थोड्या कुत्र्यांवर टिकलेल्या जातीत त्याला अर्थही आहे, एकाच वेतातून दोन रक्तं पुढे जातात. पण नोंदणी करणाऱ्या क्लबची लेखी परवानगी आधी घ्या. कुत्री आणि दोन्ही नरांची ब्रुसेला (संगातून पसरणारा, गाभ पाडणारा जंतू) तपासणी करा. माजाच्या रक्तस्रावाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बघा. ते मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास आलं की अंडी सुटू लागली असं धरा. तिथून दुसऱ्या दिवशी एक नर, तिसऱ्या दिवशी दुसरा. म्हातारा किंवा कमी बीजाचा नर आधी लावा. नर एकमेकांना दिसू देऊ नका, हमखास भांडतात. इतकं करूनही सगळी पिल्लं एकाचीच निघू शकतात. सख्खे भाऊ तर लावूच नका, डीएनएलाही त्यांच्यात फरक करणं अवघड जातं.

डीएनए तपासणीचे नमुने बिघडतात ते बहुतेक वेळा घेतानाच. पिल्लू नुकतंच प्यायलेलं असेल तर तोंडातल्या दुधात आईच्या पेशी असतात. म्हणून त्याला तासभर तरी वेगळं ठेवा, मग गालाच्या आतून अर्धा मिनिट बोळा फिरवा. हवेत वाळवून कागदी पाकिटात घाला. प्लास्टिकमध्ये बुरशी येते. त्याआधी मायक्रोचिप बसवून तिचा नंबर पाकिटावर लिहा, नाहीतर अहवाल कुठल्या पिल्लाचा हेच कळणार नाही. आई आणि दोन्ही नरांचे नमुनेही सोबतच पाठवा.