नागपुरात खासगी ५जी उभारतोय, जगात दुसऱ्या कुणाचा नसेल असा नेटवर्क आयडी कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बुटीबोरीच्या कारखान्यात खासगी ५जी, म्हणजे फक्त कारखान्यापुरतं स्वतःचं मोबाइल नेटवर्क टाकायचं आहे. व्हेंडरने ‘युनिक नेटवर्क आयडी घेऊन या, मग सिम छापू’ असं सांगितलंय. एक सल्लागार ‘तुमच्या कंपनीच्या नावाने एमएनसी (नेटवर्कचा क्रमांक) काढून देतो’ म्हणून बरीच रक्कम मागतोय. खरंच असा क्रमांक मिळतो का, आणि अर्ज कुठे करायचा?

आधी त्या सल्लागाराला थांबवा. चेक दिला नसेल तर देऊ नका. तुम्हाला बहुधा जे लागणार आहे ते फुकट मिळतं, आणि तो जे विकतोय ते तुम्हाला बहुधा लागणारच नाही.

मी नागपुरातच हे काम करतो. हिंगणा, बुटीबोरी, मिहान असं फिरणं चालू असतं. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि हात पोळल्यावर कळलेलं जास्त सांगतो.

फोन चालू केला की तो आजूबाजूचे टॉवर ऐकतो. प्रत्येक टॉवर आपला पीएलएमएन आयडी, म्हणजे नेटवर्कची पूर्ण ओळख, सतत ओरडून सांगत असतो. त्याचे दोन भाग असतात. पहिले तीन आकडे देशाचे, म्हणजे एमसीसी. पुढचे दोन किंवा तीन आकडे नेटवर्कचे, म्हणजे एमएनसी. सिमच्या आत पंधरा आकडी आयएमएसआय असतो आणि त्याची सुरुवातही याच आकड्यांनी होते. दोन्ही जुळले की फोन म्हणतो, हे आपलं घर. भारताच्या सिमवर सुरुवात ४०४ किंवा ४०५ दिसते. एमसीसी ठरवते आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू. देशातले एमएनसी देतो दूरसंचार विभाग, आणि तेही परवानाधारक ऑपरेटरला. आपल्याकडे ऑपरेटरांनी सर्कलमागे एक असे क्रमांक घेतलेत. दोन आकडी एमएनसी म्हटलं तर एका एमसीसीखाली शंभरच बसतात. ही खिरापत नाही, प्रत्येक कारखान्याला एक वाटायला गेलं तर उद्याच संपेल.

म्हणून आयटीयूने ९९९ हा एमसीसी खासगी नेटवर्कांच्या अंतर्गत वापरासाठी मोकळा ठेवलाय. त्यापुढचा एमएनसी तुम्हीच निवडायचा. अर्ज नाही, फी नाही, कुणाला कळवायचंही नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की तोच क्रमांक शेजारचाही निवडू शकतो आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही. रोमिंगसाठी किंवा दुसऱ्या नेटवर्कशी जोडण्यासाठी हा क्रमांक वापरायचाच नसतो. भिंतीच्या आतलं भिंतीच्या आत.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गोम तिथेच आहे.

हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीच्या आवारात दोन शेडमध्ये दोन वेगवेगळ्या व्हेंडरांच्या ट्रायल चालू होत्या. एक आमची, ४जीवर. मे महिना, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोनला उभं राहून बघा म्हणजे कळेल. फोर्कलिफ्टवर टॅब लावले होते. एक ड्रायव्हर रोज सांगायचा, ‘साहेब, त्या टोकाच्या दारापाशी गेलं की टॅब मरून जाते. बंद करून चालू केलं की बरोबर चालते बापा.’ मी दोन दिवस अँटेना फिरवण्यात घालवले. सिग्नल मोजला, चांगला. केबल बदलली, तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमधल्या पोरासोबत चहा पिता पिता त्याचा लॅपटॉप बघितला. त्याच्या कोरच्या (नेटवर्क चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरच्या) लॉगमध्ये आमच्या टॅबच्या विनंत्या ओळीने पडलेल्या!

झालं असं होतं, की आम्ही दोघांनीही ओपनफाइव्हजीएस हे फुकट मिळणारं कोर सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये ९९९-७० लिहिलेलं असतं. मी बदललं नाही, त्यानेही नाही. सिमचे आयएमएसआयसुद्धा दोघांनी ९९९७००००००००००१ पासूनच सुरू केले. आकडे एक, पण सिममधली गुप्त किल्ली वेगळी. टोकाच्या दारापाशी त्याचा रेडिओ जोरात ऐकू यायचा. टॅबला वाटायचं हेही घरच, म्हणून तो तिकडे जायचा. तिकडचा कोर किल्ली तपासून हाकलून लावायचा. असा नकार आला की बरेच फोन ते सिमच बाद समजतात आणि बंद-चालू करेपर्यंत पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी निदान सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

शेवटी आमचा एमएनसी बदलला. त्यासाठी चाळीस सिम काढून पुन्हा लिहावे लागले, कारण नेटवर्कचा क्रमांक टॉवरवर असतो तितकाच सिमच्या पोटातही असतो. म्हणून म्हणतो, हा आकडा सिम छापण्याआधी पक्का करा. तुमचा व्हेंडर त्या बाबतीत बरोबर बोलतोय.

आता ‘युनिक’ कसं करायचं?

तुमचं ५जी आहे आणि ते स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं आहे असं धरतो. ३जीपीपी ही मानकं ठरवणारी संस्था. तिने रिलीज १६ मध्ये खासगी नेटवर्कासाठी आणखी एक क्रमांक आणला: एनआयडी. पीएलएमएन आणि एनआयडी मिळून तुमच्या नेटवर्काची ओळख होते. गाव एक, घर नंबर वेगळा, असं समजा. एनआयडी ४४ बिटचा असतो, म्हणजे षोडशमान (दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजायच्या) पद्धतीचे अकरा अंक. त्यातला पहिला अंक सांगतो की हा क्रमांक कुठून आला. १ असेल तर तो तुम्ही स्वतः मनाने घेतलेला, टक्कर होऊ शकते. ० असेल तर तो जगात एकमेव, मग सोबतचा पीएलएमएन कुठलाही असो. २ असेल तर पीएलएमएनसोबत जोडून एकमेव.

तुम्हाला ० वाला हवा. तो असा बनतो: पहिला अंक ०, पुढचे आठ अंक तुमच्या कंपनीचा पेन, शेवटचे दोन अंक तुमच्या मर्जीचे. हा आयकरवाला पॅन नव्हे (ऑफिसात अकाउंट्सवाल्यांनी माझ्याकडे तोच फॉर्म पाठवला होता). हा प्रायव्हेट एंटरप्राइझ नंबर, तो देते आयाना. इंटरनेटचे क्रमांक सांभाळणारी तीच संस्था. तिच्या वेबसाइटवर फॉर्म आहे. कंपनीचं नाव, पत्ता, संपर्काची व्यक्ती आणि ईमेल भरायचा. पैसे शून्य. मुळात हे क्रमांक नेटवर्कच्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालींसाठी आहेत, ५जीवाल्यांनी तीच यादी उचलून वापरली. शहाणपणाचं काम केलं, नवीन कचेरी उघडली नाही.

उदाहरण करून दाखवतो. समजा तुम्हाला ९९९०६ हा पेन मिळाला. तो दशमान आहे. षोडशमानात तो १८६४२ होतो. डावीकडे शून्यं लावून आठ अंक करा: ०००१८६४२. सुरुवातीला ०, शेवटी तुमच्या पहिल्या नेटवर्काचा ०१. पूर्ण एनआयडी झाला ००००१८६४२०१. बुटीबोरीला ०१, उद्या चंद्रपूरला दुसरा प्लांट निघाला तर ०२. एका पेनवर अशी २५६ नेटवर्कं बसतात. लोक चूक करतात ती रूपांतरात: ९९९०६ तसाच आठ अंकात कोंबतात. तसं केलंत तर तुम्ही तिसऱ्याच कुणाच्या तरी क्रमांकावर जाऊन बसाल.

फॉर्म भरण्याआधी आयानाची यादी उघडून कंपनीचं नाव शोधा, ती सगळ्यांना खुली आहे. मोठ्या समूहांच्या आयटीवाल्यांनी कधीकाळी पेन घेऊन ठेवलेला असतो आणि नंतर कुणाला आठवत नाही. आणि ईमेल देताना कंपनीचा सामायिक द्या. नोकरी सोडून गेलेल्या पोराच्या ईमेलवर हा क्रमांक अडकला की सोडवायला त्रास होतो.

हे सगळं तुमचं नेटवर्क खरोखर तुमचं असेल तर. आणि इथे भारतातला मुद्दा येतो, तो तुमच्या व्हेंडरच्या कागदात नसेल. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये खासगी बंदिस्त नेटवर्काची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात चार वाटा आहेत. पहिल्या दोन वाटांत काम ऑपरेटर करतो: एक तर त्याच्या सार्वजनिक नेटवर्काचाच एक तुकडा तुम्हाला देतो, नाहीतर तुमच्या आवारात वेगळं नेटवर्क टाकून देतो. तिसरीत तुम्ही त्याच्याकडून स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, भाड्याने घेता. चौथीत थेट सरकारकडून. शेवटच्या दोन वाटांना तुमच्या नावाचा परवाना लागतो. अर्ज सरल संचार पोर्टलवर, अर्जाची फी या तत्त्वांनुसार ५० हजार रुपये. थेट स्पेक्ट्रमच्या मागणीची चाचपणी झाली तेव्हा १०० कोटींच्या वरची नेटवर्थ असलेल्या कंपन्यांनाच बोलावलं होतं. हे नेटवर्क सार्वजनिक नेटवर्काशी जोडता येत नाही, हेही लक्षात घ्या. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आल्यापासून नियमांची फेरमांडणी चालू आहे, म्हणून अर्ज कराल त्या दिवशीचा मजकूर वाचा. त्यात क्रमांकाबद्दल काही अट असेल तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा आणि ती पाळा.

पहिल्या दोन वाटांपैकी एकीने जाणार असाल तर क्रमांकाची चिंता ऑपरेटरची. त्याच्या सार्वजनिक नेटवर्काचा तुकडा घेतलात तर पीएलएमएनही त्याचाच. तिथे तुम्ही एनआयडी मागू नका, सीएजी आयडी मागा. ३२ बिटचा असतो, त्या ऑपरेटरच्या पीएलएमएनच्या आत एकमेव असतो, आणि ठरलेल्या सिमलाच त्या टॉवरवर येऊ देतो. बुटीबोरीतल्या बहुतेक मध्यम कारखान्यांना, माझ्या मते, हीच वाट परवडते. तुमचा कारखाना केवढा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

व्हेंडरने दिलेल्या पीडीएफमध्ये ३१५-०१० आणि ‘आयबीएन’ असे शब्द असतील तर ती पानं सोडून द्या. ती अमेरिकेची सोय आहे. तिथे ३.५ गीगाहर्ट्झच्या सीबीआरएस पट्ट्यात खासगी नेटवर्कांनी ३१५-०१० हा एकच पीएलएमएन वाटून घेतलाय, आणि पुढचे चार आकडे (हाच आयबीएन) प्रत्येकाला वेगळे मिळतात. त्या चार आकड्यांमागे एक लाख सिम. छान पद्धत आहे, पण नागपुरात तिचा उपयोग नाही. हेच कागद मराठवाड्यातल्या एका कारखान्याच्या टेंडरमध्ये जसेच्या तसे चिकटवलेले मी पाहिलेत.

तुमचं ४जी असेल, किंवा काही जुनी यंत्रं ४जीवरच राहणार असतील, तर एनआयडी विसरा, तिथे तो नसतो. तिथे ९९९ आणि एमएनसी एवढंच हातात आहे. ७० घेऊ नका, कारण वर सांगितलं. चाचणीसाठीचा ००१-०१ सुद्धा चालू नेटवर्कात ठेवू नका. आधी आवारात स्कॅनर फिरवा, कुंपणाच्या कडेकडेने, फक्त ऑफिसच्या गच्चीवरून नव्हे. शेजारी ९९९ दिसला तर तो टाळून दुसरा घ्या, आणि जमलं तर त्यांच्या माणसाला भेटून सांगून ठेवा.

५जीतही डिव्हाइसची खात्री करून घ्या. एनआयडीवालं नेटवर्क ओळखायला फोनमध्ये ती सोय असावी लागते. अशा टॉवरवर जुने फोन चुकून चढू नयेत म्हणून तो ‘राखीव’ अशी खूण पाठवतो, त्यामुळे ज्या फोनला एनआयडी कळत नाही तो तिथे येतच नाही. बारकोड स्कॅनर, टॅब, राउटर, प्रत्येकाच्या कंपनीला लेखी विचारा की स्टँडअलोन खासगी नेटवर्क चालतं का. ‘५जी सपोर्ट आहे’ हे उत्तर नव्हे.

आणि सिमवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: एमएनसी दोन आकडी की तीन आकडी. सिममध्ये त्यासाठी एक वेगळी छोटी नोंद असते. ती चुकली तर ९९९-४१ हा क्रमांक फोनला ९९९-४१० असा दिसतो, आणि सगळं बरोबर असूनही फोन घरच्या टॉवरला परका समजतो. पहिल्या खेपेत पाचच सिम मागवा, कारखान्यात फिरवून बघा, मग बाकीचे.