गोव्यातल्या खांडेपार नदीच्या गाळातून मायक्रोप्लास्टिक (५ मिमीहून लहान प्लास्टिकचे तुकडे) काढायला मीठ पुरेल की झिंक क्लोराइडच हवं?

मिठाचं नंतर बघू. प्रश्नात जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'आधी सगळा गाळ पेरॉक्साइडने साफ करून घेणार आहे.' आधी तेच थांबवा.

खाणपट्ट्यातला लाल गाळ म्हणजे लोहाची ऑक्साइडं. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्यावर पडलं की लोहच त्याचं विघटन करतं. ऑक्सिजन सुटतो, उष्णता वाढते. आमच्याकडे एकदा २०० ग्रॅम ओला गाळ एक लिटरच्या बीकरमध्ये घेऊन त्यात पेरॉक्साइड ओतलं. आधी काहीच हालचाल नाही. मग फेस चढत गेला, बीकरला हात लावता येईना, आणि निम्मा नमुना फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) लादीवर. नमुना बाद. 'हळूहळू ओतलं असतं तर झालं असतं,' असं एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं तेव्हाही म्हणणं होतं, आजही आहे. नसतं झालं. हळू ओतल्याने फेस कमी येईल, पण पाला-शेवाळ जळण्याआधीच (आगीने नव्हे, पेरॉक्साइडने) बरंचसं पेरॉक्साइड लोहावर फुकट जाणार. शिवाय २०० ग्रॅम गाळावर जे खर्चायचं, तेच तरंगून आलेल्या चिमूटभर अवशेषावर २० मिलीत भागतं.

म्हणून आधी तरंगवणं (जड द्रावणात प्लास्टिक वर येतं, गाळ तळाला बसतो), मग पेरॉक्साइडने जाळणं. गाळ फॉइलखाली ६० अंशांवर वाळवा; १०५ नको. ढेकळं खलबत्त्यात कुटू नका, एका तुकड्याचे पाच होतात आणि मोजणी फसते. ५ टक्के सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटमध्ये रात्रभर भिजवा, मग ५ मिमीच्या चाळणीतून गाळून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर भरपूर पाण्याने धुवा. लाल चिकणमाती इथेच निघून जाते, नाहीतर ती द्रावणात दिवसेंदिवस तरंगत राहते आणि फिल्टर तुंबवते. ६३ च्या खालचं प्लास्टिकही जातं, ते अहवालात स्पष्ट लिहा. फॉस्फेट पूर्ण धुतलं गेलं पाहिजे. राहिलं तर झिंकबरोबर पांढरा साका बसतो.

आता मीठ. संपृक्त द्रावणाची घनता १.२. पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिस्टायरीन वर येतात, नायलॉन (१.१४) कसंबसं. पाण्याच्या बाटलीचं पीईटी १.३८ च्या आसपास, पीव्हीसी त्याच्याच आगेमागे, दोन्ही तळाला. नुसत्या मिठावर 'पीईटी आढळलं नाही' लिहिणं म्हणजे न शोधताच नाही म्हणणं. झिंक क्लोराइड १.६ पर्यंत करा, हायड्रोमीटरने तपासा, ढगाळ दिसलं तर दोन थेंब हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. ५० ग्रॅम सुक्या गाळाला २०० मिली, काचेच्या कांडीने पाच मिनिटं ढवळणं, रात्रभर स्थिर, वरचं ओतून घेणं, हे तीनदा. द्रावण गाळून पुन्हा वापरता येतं, बेसिनमध्ये मुळीच ओतू नका. स्टीलच्या चाळण्या लगेच धुवा, गंजतात.

तरंगलेलं धुऊन २० मिली ०.०५ मोलर फेरस सल्फेट (इथे लोह मुद्दाम, मोजून, पाला लवकर जळावा म्हणून) आणि २० मिली पेरॉक्साइड, बर्फाचं भांडं शेजारी, तापमान ५० च्या आत. तांबूस पापुद्रे दिसले तर सामू (pH) वर गेलाय. सौम्य सल्फ्युरिक आम्लाने ३ वर आणा. त्याहून जास्त आम्ल नको, नायलॉन खातं.

नायलॉनची दोरी, सिंथेटिक कपडे टाळा, त्यांचे धागे नमुन्यात येतात. प्रत्येक खेपेला कोरा नमुना (गाळाशिवाय तीच सगळी कृती) चालवा. पानं कुजलेल्या काळ्या तळ्याच्या गाळाला मात्र माझा लोहाचा मुद्दा तितका लागू नाही. तिथे पाला तुकड्यांना धरून बसतो, तेव्हा आधी थोडं पेरॉक्साइड चालेल, दर खेपेला १० ग्रॅमहून जास्त गाळ न घेता.

तरीही आधी पेरॉक्साइडच, असा कोणी हट्ट केलाच, तर हिरव्या बाटलीचे मोजून २० तुकडे एकाच गाळाच्या दोन वाट्यांत टाका, दोन्ही क्रमांनी काढा आणि परत मोजा.